सी भाषेतील सत्यासत्य : एका विलंबाचा इतिहास

संगणकाच्या भाषांचा इतिहास लिहिताना नव्या भाषेच्या जन्माची नोंद ठळकपणे केली जाते. परंतु रूढ झालेल्या भाषेतील एखादी उणीव भरून काढण्यासाठी झालेल्या खटपटीकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. सी भाषेला सत्य व असत्य ही दोन मूल्ये १९९९ साली ‘स्टडबूल’ नावाच्या एका छोट्या शीर्षसंचिकेच्या द्वारे लाभली. ती केवळ नावांची सोय होती, असा समज प्रचलित आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही कल्पना मुळात नवी नव्हती. जॉर्ज बूल यांनी १८४७ व १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत तर्काला बीजगणिताचे रूप दिले. १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी त्या बीजगणिताचा संबंध विद्युत्-मंडलांशी जोडला. १९६० सालच्या अल्गोल भाषेच्या अहवालात तर ‘बूलियन’ हा मूल्यांचा स्वतंत्र प्रकारच मान्य झाला होता. तेव्हा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा सिद्ध केली, त्या वेळी हा प्रकार तीत आला नाही, याचे कारण अज्ञान हे खचित नव्हे.

खरे कारण सी भाषेच्या कुळात सापडते. केंब्रिज येथील मार्टिन रिचर्ड्‌स यांची १९६७ ची बीसीपीएल आणि तीवरून केन थॉम्पसन यांनी रचलेली बी, या दोन्ही भाषांत मूल्याचा एकच प्रकार होता : यंत्राचा शब्द. तो शून्य असेल तर असत्य, अशी सत्यता ही वस्तू नसून वाचनाची एक रीत होती. पुढे पीडीपी-११ या यंत्रासाठी सी भाषेत अक्षर व पूर्णांक असे भेद आले, कारण त्या यंत्रातच बाइट व शब्द हे भेद होते. एकट्या बिटाला मात्र स्वतःचा पत्ता नव्हता. म्हणून त्याला भाषेतही स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

या वारशाची एक खूण आजही दिसते. बी भाषेत ‘&’ हे एकच चिन्ह बिटांच्या क्रियेसाठी आणि अटींच्या जोडणीसाठी वापरले जाई. सी भाषेत अटींसाठी ‘&&’ हे निराळे चिन्ह आले; परंतु जुन्या आज्ञावल्यांचे रूपांतर सुकर व्हावे म्हणून ‘&’ चा अग्रक्रम ‘==’ च्या खालीच ठेवण्यात आला. १९९३ साली रिची यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. बिटांची निवड व तुलना एकाच पदावलीत कंसाशिवाय लिहिणारा विद्यार्थी आजही येथे ठेचकाळतो.

प्रमाणित प्रकाराच्या अभावी प्रत्येकाने आपापला ‘बूल’ निर्माण केला. कोणी त्यासाठी पूर्णांक घेतला, कोणी अक्षर, तर कोणी गणनाप्रकार. दोन ठिकाणच्या आज्ञावल्या एकत्र आल्या की व्याख्यांचा झगडा होई. शिवाय ‘सत्य म्हणजे १’ असे गृहीत धरणे धोक्याचे होते; कारण अक्षर अंक आहे काय हे सांगणारे ग्रंथालयातील फलन सत्य असता कोणतीही शून्येतर संख्या देऊ शकते. अशा उत्तराची १ शी तुलना केली तर होकाराचा नकार होतो.

१९८९ च्या प्रमाणग्रंथाने या प्रश्नाला हात घातला नाही. १९९९ मध्ये समितीने प्रकार दिला. पण ‘बूल’ हे नाव असंख्य आज्ञावल्यांनी आधीच व्यापलेले होते. म्हणून मूळ प्रकाराला आरंभी अधोरेषा व मोठे अक्षर असलेले नाव देण्यात आले. तशी नावे भाषेसाठी पूर्वीपासून राखून ठेवलेली होती. ‘बूल’, ‘ट्रू’ व ‘फॉल्स’ ही सुबक नावे मात्र मॅक्रोंच्या रूपाने शीर्षसंचिकेत ठेवली गेली. ज्याला ती हवी असतील त्याने ती मागून घ्यावी, इतरांच्या आज्ञावल्यांना धक्का लागू नये, ही यातील योजना होय.

नावांची बाजू येथे संपते. अर्थाची बाजू अधिक महत्त्वाची आहे. आठ बिटांच्या चिन्हरहित अक्षरात २५६ ही संख्या ठेवली तर तेथे ० उरते. म्हणजे बिटांची चाचणी यशस्वी होऊनही खूण मात्र असत्याची राहते. पूर्णांकात ०.५ ठेवले तरी तीच गत. नव्या प्रकारात मात्र कोणतेही शून्येतर मूल्य नियमाने १ च होते. हा गुण मॅक्रोंनी आणलेला नाही. तो खुद्द भाषेच्या नियमांत आहे, आणि घरगुती ‘बूल’ला तो केवळ नामकरणाने लाभणे शक्य नव्हते. स्मृतीची बचत मात्र यात नाही : हे मूल्य एका बिटात मावण्याजोगे असले, तरी स्वतंत्र चलाला किमान एक बाइट लागतोच.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणग्रंथाने ही तिन्ही नावे भाषेचे राखीव शब्द केली, आणि शीर्षसंचिकेचे मुख्य कार्य संपले. ज्या जुन्या आज्ञावल्यांत ‘बूल’ या नावाचा प्रकार स्वतंत्रपणे घोषित केला आहे, त्या नव्या नियमांखाली अडतात. पंचवीस वर्षांपूर्वी टाळलेली किंमत अशा रीतीने अखेर द्यावी लागली. सारांश, ‘स्टडबूल’ला केवळ सोय म्हणणे अपुरे आहे. यंत्राच्या शब्दाचे एक वाचन म्हणून वावरणारी सत्यता १९९९ मध्ये भाषेतील मूल्य झाली. शीर्षसंचिकेने या बदलाला जुन्या आज्ञावल्या न मोडता रुजण्यासाठी लागणारा काळ मिळवून दिला.