भाजीचें पाणी आणि परळची प्रयोगशाळा

होळीच्या दिवशीं गिरगांवांतील घरांत पुरण शिजत असतें, तेव्हां डाळीवरचें पाणी मोरींत ओतावें असें कोणाही गृहिणीच्या मनांत येत नाहीं. तें निराळ्या पातेल्यांत निथळून घ्यावयाचें, त्यांत चमचाभर पुरण, चिंच, गूळ, गोडा मसाला व भाजलेलें खोबरें घालावयाचें, आणि वरून खमंग फोडणी द्यावयाची. या आमटीवांचून पोळीला रंगत नाहीं. या पाण्याला ‘कट’ असें स्वतंत्र नांव आहे. ज्या वस्तूला भाषेनें नांव दिलें, ती लोकांनीं टाकाऊ मानलेली नव्हती, हें उघड आहे. मुगाचें कढण आणि भात वेळतांना निघालेली पेज हीं याच कुळांतलीं. वैद्यकांतील यूष व मंड हे त्यांचे पूर्वज. चरकानें रुग्णाच्या पथ्यांत त्यांना मानाचें स्थान दिलें आहे. पेजेचा कांहीं वाटा धोतरांना खळ देण्यांतही जात असे, ती गोष्ट निराळी.

भाजीच्या बाबतींत मात्र हा विवेक अर्धाच टिकला. शिराळ्याच्या शिरांची चटणी होते, दुध्याच्या सालींची होते, माठाचे देठ आमटींत पडतात. परंतु मटारचीं टरफलें, कोथिंबिरीच्या काड्या, कोबीचीं वरचीं पानें व मुळ्याचा पाला बहुधा केराच्या टोपलींत जातो. आणि पालेभाजी उकडून पिळली कीं तें हिरवें पाणी मोरीची वाट धरतें. भाजी स्वच्छ व मऊ दिसावी या टापटिपीपायीं सुशिक्षित घरांनींच हें नुकसान अधिक करून घेतलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या ओतून दिलेल्या पाण्यांत काय होतें, याचा पत्ता ज्या संशोधनामुळें लागला, त्याचा आरंभ याच शहरांत, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यांत, परळला झाला. परळचें जुनें गव्हर्नमेंट हाउस १८९९ सालीं प्लेगच्या लशीच्या प्रयोगशाळेकडे आलें, आणि १९२५ सालीं त्या प्रयोगशाळेस तिच्या संस्थापकावरून हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. पुढें १९२८ सालीं, म्हणजे गिरणीकामगारांनीं सहा महिने संप चालविला त्याच वर्षीं, ल्यूसी विल्स नांवाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई या संस्थेंत कामास आल्या. बाळंतपणांत स्त्रिया इतक्या कां दगावतात, याची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर यांनीं हातीं घेतली होती. त्यांच्याच निमंत्रणावरून हें येणें झालें.

रोग मोठा निर्दय होता. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्री पांढरीफटक पडे, जिना चढतांना धाप लागे, पाय सुजत. आणि रक्त तपासलें तर तांबडे कण थोडे, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठे आढळत. गरिबांच्या वस्तींत, विशेषतः कापडगिरण्यांशीं संबंध असलेल्या कुटुंबांत, तो फार दिसे. नऊ महिने वाट पाहिलेल्या घरांत पाळणा बांधावयाचा, कीं आईला पोंचवून यावयाचें, असा तो प्रश्न होता. विल्सबाईंनीं जंतूंचाही माग काढून पाहिला. पण त्याचबरोबर कोणत्या घरांत काय शिजतें, इकडे त्यांनीं बारकाईनें पाहिलें. ज्यांच्या ताटांत पालेभाजी, फळें व दूध जवळजवळ नव्हतें, त्याच स्त्रिया या दुखण्यास अधिक बळी पडतात, असें त्यांना दिसून आलें. गरीब मुसलमान वस्तींतील स्त्रियांची स्थिति त्यांत सर्वांत वाईट होती.

त्या वेळीं पांडुरोगाच्या एका प्रकारावर पशूच्या काळजाचा उपाय नुकताच सिद्ध झालेला होता. परंतु त्याचा अर्क महाग, गरिबाच्या आवांक्याबाहेरचा. म्हणून विल्सबाईंनीं प्रथम प्राण्यांवर व मग रोगी स्त्रियांवर ‘मार्माइट’ वापरून पाहिलें. हें मार्माइट म्हणजे काय? इंग्लंडांत बर्टन येथें १९०२ सालापासून बिअरच्या भट्टींत उरलेल्या यीस्टपासून केलेला, मीठ व भाजीचा अर्क घालून आटविलेला काळा, दाट रस. भट्टीवाल्यांच्या लेखीं तो गाळच होता. ‘मार्मीत’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ झांकणाचें पातेलें, ज्यांत रस्सा शिजवितात तें. या उरल्यासुरल्याच्या रसानें रोगी स्त्रियांची भूक परतली, तांबडे कण वाढूं लागले. १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणूं लागले.

द्रव्याची ओळख पटण्यास आणखी दहा वर्षें गेलीं. १९४१ सालीं अमेरिकेंत कित्येक टन पालकाच्या पानांपासून चिमूटभर पदार्थ वेगळा काढण्यांत आला, आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हें नांव पडलें. भारत सरकारनें १९७० सालीं गर्भवती स्त्रियांस लोहाबरोबर त्याच्या गोळ्या देण्याची योजना सुरू केली.

पानांतलें हें सत्त्व पाण्यांत सहज उतरतें आणि फार वेळ उकळल्यास बरेंचसें नाश पावतें. म्हणजे भाजी उकडून पाणी टाकलें तर तें मोरींत जातें, आणि पाणी ठेवूनही तासन् तास रटरटत ठेवलें तरी हातीं थोडेंच लागतें. घरच्या रसाला औषध मानून डॉक्टरांची गोळी कोणी टाळूं नये. विल्सबाईंनीं दिला तो आटविलेला अर्क होता, वाटीभर पाणी नव्हतें.

तरीही रस करावयाचा तो असा. टरफलें, काड्या, कोबीचीं पानें, गाजराच्या साली दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्याव्या. शेतांत औषधें फवारतात, म्हणून हें धुणें नांवापुरतें करूं नये. हिरव्या पडलेल्या वा मोड आलेल्या बटाट्याच्या साली घालूं नयेत. दुधी कडू लागला तर सालींसकट सगळाच टाकून द्यावा. कोबीचा हात आखडता ठेवावा, नाहींतर वासानें शेजारपाजार गोळा होईल. सारें बुडेल इतकेंच पाणी घालून, झांकण ठेवून, मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटें उकळावें आणि गाळून घ्यावें. तुपाची जिऱ्याची फोडणी, मीठ व लिंबू घालून तें लगेच वाढावें. उरलें तर संध्याकाळच्या आमटींत साध्या पाण्याऐवजीं तेंच घालावें.