अंधार पडेपर्यंत काय करायचं? : ड्राइव्ह-इन सिनेमा आणि लहानपणच्या आठवणी

मी एम.एस्सी. केलं भौतिकशास्त्रात आणि पीएच.डी. करतेय सिनेमा दाखवण्याच्या तंत्राच्या इतिहासावर. त्यामुळे लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" आजच्या लेखात एका उदाहरणातून त्याचं उत्तर देते.

सध्या मी अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन थिएटरांच्या आठवणी वाचतेय. ड्राइव्ह-इन म्हणजे मोकळ्या मैदानावरचा भलामोठा पडदा, ज्याच्यासमोर लोक आपापल्या गाडीत बसूनच सिनेमा बघतात. १९५० आणि ६० च्या दशकांत जे लहान होते, त्यांच्या या आठवणी. त्या वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. पाहिलेल्या सिनेमाचं नाव अनेकांना धड सांगता येत नाही. पण अंगावर घरूनच घालून आलेला पायजमा, पडद्याखालचे झोपाळे, काचेवर अडकवलेला जड स्पीकर, डास पळवणाऱ्या कॉइलचा वास आणि मागच्या सीटवर लागलेली झोप हे सगळं लख्ख आठवतं. सिनेमा बघायला गेलेल्या मुलांना सिनेमा सोडून बाकी सगळं का आठवावं?

याचं अर्धं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. प्रोजेक्टर पडद्यावर पांढरा, लाल, निळा प्रकाश टाकू शकतो, पण काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर जे काळं दिसतं, तिथे खरं तर काहीच पडलेलं नसतं. बंद थिएटरात तो काळोख भिंती आणि छप्पर पुरवतात. मैदानावर तो आकाशाकडून उसना घ्यावा लागतो. त्यात पडदा अवाढव्य. रुंदी आणि उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून एक चतुर्थांश उजेड उरतो. अशा फिकट चित्रावर संधिप्रकाश पडला, की चित्र धुऊन निघालंच म्हणून समजा. म्हणून सूर्य मावळला तरी सिनेमा लगेच सुरू करता येत नाही, पुरता अंधार पडायची वाट बघावी लागते.

उरलेलं अर्धं उत्तर इतिहासात आहे. न्यू जर्सीतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेडने घराच्या आवारात प्रयोग केले. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर बांधली, आवाजासाठी मागे रेडिओ ठेवला. पावसात कसं दिसेल हे बघायला त्याने बागेतला पाण्याचा फवारासुद्धा गाडीवर सोडला. पुढच्या गाडीमुळे मागच्यांना दिसणार नाही, म्हणून चाकांखाली ठोकळे ठेवून गाडीचं नाक किती वर हवं ते ठरवलं. या उतरत्या रांगांच्या रचनेचं पेटंट त्याला मे १९३३ मध्ये मिळालं आणि ६ जूनला कॅम्डेन गावाजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. दर गाडीला २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि अख्ख्या कुटुंबाचे मिळून जास्तीत जास्त एक डॉलर.

आवाजाची मात्र पंचाईत होती. पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांचा आवाज मागच्या गाड्यांना उशिरा ऐकू येई. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या गाडीत तो जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद मागे. तेवढ्या वेळात सिनेमाच्या सात चौकटी पुढे सरकतात, आणि नटाचे ओठ एक बोलतात, कानाला दुसरंच ऐकू येतं. शिवाय आजूबाजूच्या घरांना रोज रात्री फुकटचा त्रास. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक गाडीसाठी वेगळा छोटा स्पीकर सगळीकडे आला आणि हा प्रश्न सुटला. आठवणींतला तो काचेवरचा जड स्पीकर हाच.

१९४९ मध्ये न्यायालयाने हॉलिंग्सहेडचं पेटंट रद्द ठरवलं. थिएटरात उतरती आसनं असतातच, तसाच गाड्यांसाठी उतार केला तर तो काही नवा शोध नव्हे, असा त्याचा मथितार्थ. आता कोणीही ड्राइव्ह-इन काढू शकत होतं. युद्धानंतर गाड्या वाढल्या होत्या, शहराबाहेर नवी घरं होत होती आणि घराघरात लहान मुलं होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत सुमारे ४,००० ड्राइव्ह-इन होती.

या मालकांसमोर रोजचा एक प्रश्न होता. चांगली जागा मिळावी म्हणून लोक लवकर येतात आणि अंधार तर पडलेला नाही. मग दीड-दोन तास करायचं काय? उत्तर म्हणून पडद्याखाली घसरगुंड्या आणि झोपाळे आले, कुठे छोटी आगगाडी आली, बाळाची दुधाची बाटली गरम करून देण्याची सोय आली. मुलं खेळत असताना मोठी माणसं खाण्याच्या खिडकीशी रांग लावत, आणि मालकाची खरी कमाई बऱ्याचदा तिथेच होई. मुलांना तिकीट माफ करणं त्याला म्हणूनच परवडायचं.

माझ्या संशोधनातला मुद्दा तो हाच. त्या पिढीच्या आठवणीतलं ड्राइव्ह-इन हे मुख्यतः वाट बघण्याचं ठिकाण आहे. प्रकाशाच्या नियमाने दोन तास रिकामे ठेवले, धंद्याने ते भरले आणि मुलांनी ते आपले मानले. सिनेमा सुरू होईपर्यंत त्यांचा दिवस संपलेला असे.

पण आठवणी वाचताना त्यात कोण नाही हेही बघावं लागतं. दक्षिणेकडच्या राज्यांत वंशभेदाचे कायदे होते तोवर अनेक ड्राइव्ह-इनमध्ये काळ्या कुटुंबांना प्रवेश नव्हता, किंवा त्यांच्या गाड्यांना वेगळी बाजू नेमून दिलेली असे. रस्त्यावरून जाताना लांबून दिसलेला मुका पडदा, एवढीच ज्या मुलांची आठवण असेल, ती 'सोनेरी दिवसां'च्या पुस्तकांत सहसा येत नाही. ती मिळवणं हे माझं पुढचं काम आहे.

पुढे ही थिएटरं का बंद पडली? टीव्ही आला, नंतर व्हिडिओ कॅसेट आल्या. शहरं वाढत मैदानांपर्यंत पोचली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यात १९६६ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायची पद्धत एकसारखी झाली. सूर्य घड्याळाला जुमानत नाही. डेट्रॉइटमध्ये जूनअखेर सूर्यास्तालाच रात्रीचे सव्वानऊ होतात. सिनेमा सुरू व्हायला दहा वाजणार आणि एका तिकिटात दोन सिनेमे असले तर संपायला दीड-दोन. वाट बघण्याचे तास मुलांच्या झोपेत घुसले.

आपल्याकडे गणित वेगळं. अहमदाबादचं सनसेट ड्राइव्ह-इन १९७३ मध्ये सुरू झालं, ६६५ गाड्यांचं. तिथे भर जूनमध्येही सूर्य साडेसातच्या आत मावळतो आणि संधिप्रकाशही लवकर सरतो. आई लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या मामाकडे अहमदाबादला जायची. मामांकडे गाडी नव्हती, शेजाऱ्यांकडे होती. तिला विचारलं, कोणता सिनेमा पाहिलास? म्हणाली, "ते कुठलं आठवायला! पण गादी गुंडाळून टपावर बांधली होती आणि डब्यात थेपले होते. गाडीत कोणी बसलंच नाही, सगळे खाली गादीवर." अमेरिकेने गाडीत बसण्यासाठी काढलेली गोष्ट आपण गच्चीवर झोपायला जावं तशी वापरली.

मुंबईत वांद्र्याच्या पूर्वेलाही एक ड्राइव्ह-इन होतं. ते बंद पडलं. २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात पुन्हा एक सुरू झालं, पण मॉलच्या गच्चीवर. जमिनीवर तेवढी मोकळी जागा ठेवणं आता कोणाला परवडणार?

तेव्हा वाचकहो, एक मदत करा. अहमदाबाद असो, वांद्रे असो, की गावच्या जत्रेतला तंबू. घरातल्या मोठ्यांना 'कोणता सिनेमा पाहिला' असं विचारू नका. अंधार पडेपर्यंत काय करत होतात, ते विचारा आणि मला कळवा. आणि कोणी म्हणालं की आम्हाला आत सोडलंच नाही, तर ते आधी कळवा.