उलटा पतंग

मागच्या पोस्टमध्ये बोटीच्या कठड्याला लावलेल्या एका चरकाचा फोटो टाकला होता. त्यावर घरच्या मंडळींकडून दोन-तीन फोन आले, की हा रहाट कसला आणि अमेरिकेत बोटीवर विहीर कुठून आली! त्या चरकाचं नाव डाउनरिगर. मासे पकडायचं नकली आमिष, म्हणजे ल्यूर, पाण्यात खोल न्यायला तो वापरतात. एवढं सांगून फोन ठेवता आला असता, पण गेले काही महिने मी याच विषयात बुडालोय (खरंच), तेव्हा आता सगळंच ऐका.

आमच्याकडे कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्याला खोलीची फार चिंता नसते. दोराला शिशाचा तुकडा बांधला, गरी तळाला गेली, काम झालं. मी राहतो त्या मिशिगन सरोवराची गोष्ट वेगळी. सर्वात खोल जागी ते ९२३ फूट आहे. तळापर्यंत पोचून उपयोग नाही आणि पृष्ठभागावर राहूनही नाही, कारण उन्हाळ्यात मासा मध्येच कुठेतरी असतो.

मध्येच का, याचं उत्तर तपमानात आहे. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं, म्हणून थंड पाणी खाली बसतं आणि उन्हानं तापलेलं त्याच्यावर तरंगत राहतं. दोन्ही सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात काही फुटांत पाणी एकदम गार होतं. विस्कॉन्सिनच्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये या पट्ट्याला थर्मोक्लाइन असं नाव दिलं. सामन माशाला साधारण १२-१३ अंशांचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला त्याहून थोडं गार. म्हणजे भर उन्हाळ्यात मासा या पट्ट्याच्या आसपास, ५० फुटांवर नाहीतर १०० फुटांवर. शिवाय वारा फिरला की पट्टाही वरखाली होतो. काल जिथे मासा होता तिथे आज नुसतं पाणी.

तर ल्यूर तिथे न्यायचा. अडचण अशी, की ल्यूरमध्ये जीव नसतो. तो ओढत राहिला तरच माशासारखा हलतो, म्हणून बोट सावकाश चालवत मागून तो ओढत न्यायचा. याला ट्रोलिंग म्हणतात (ते इंटरनेटवरचं नव्हे). आणि ओढलेली कुठलीही वस्तू वर येऊ पाहते. जास्त दोर सोडला की ल्यूर जास्त खोल जाईल असं वाटतं. पतंग उडवलेल्यांनी आठवून बघावं. ढील देत गेलं की पतंग काही वेळ चढतो, मग दोराला झोळ पडतो आणि पुढची सगळी ढील त्या झोळातच जाते. पाणी तर हवेपेक्षा कितीतरी घट्ट. तेव्हा पाण्यातला दोर हाच ल्यूरचा पहिला शत्रू.

यावरचा एक जुना उपाय सेथ ग्रीन यांच्या नावानं ओळखला जातो. हे गृहस्थ (१८१७-१८८८) अमेरिकेतल्या मत्स्यपालनाचे जनक मानले जातात. १८६४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यात कॅलेडोनियाला माशांची अंडी उबवायचं केंद्र काढलं होतं. त्यांच्या नावाची रचना अगदी सोपी आहे. एका मुख्य दोराच्या टोकाला जड वजन लावायचं आणि वर ठरावीक अंतरावर आडवे दोर बांधून प्रत्येकाला चमच्यासारखा चकाकता पत्रा अडकवायचा. एकाच वेळी पाच-सहा खोल्यांवर ल्यूर. मासा कुठे आहे ते ठाऊक नाही ना, मग सगळीकडे विचारून बघा! फिंगर लेक्सच्या बाजूला अजून लोक ही रचना वापरतात.

दुसरा उपाय तांब्याच्या तारेचा. दोराऐवजी तारच वापरली की ती स्वतःच्या वजनानं बुडते. पण तार हातानं ओढून घेताना तिचा गुंता होतो, ती पिळवटते आणि तुटते. इथे मला या इतिहासातला सर्वात आवडलेला प्राणी भेटला, तो म्हणजे ग्रामोफोन. डेट्रॉइट नदीवरच्या लोकांनी चावीचे जुने व्हिक्ट्रोला उघडले, त्यातली स्प्रिंग काढली आणि तिचा तार गुंडाळायचा चरक केला. हातानं तार वर ओढली की सैल झालेली तार स्प्रिंग आपोआप गुंडाळून घेते. तारेच्या टोकाला पाऊण किलोपर्यंतचं वजन, ते तळाला टेकल्याचं बोटांना कळतं, आणि किती खोल आहोत ते बोटच सांगतं. आमच्या शेजारच्या आजोबांच्या गराजमध्ये असा एक चरक टांगलेला आहे. मी चावी दिली, फिरला. गाणं तेवढं लागलं नाही :)

तिसरा मार्ग पतंगाचाच, फक्त उलटा. ल्यूरच्या तोंडाखाली तिरकी पाती बसवली की पुढून येणारं पाणी तिला खाली दाबतं. पाती लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर ल्यूर खोल जातो, आखूड आणि उभी असेल तर वरच वळवळतो. दोर कुठे बांधला यावरही बरंच अवलंबून असतं, म्हणजे शेवटी प्रश्न कणीचाच. नॉर्थ कॅरोलिनातले बक पेरी हे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलेले गृहस्थ. १९४० च्या दशकात त्यांनी धातूचे ल्यूर केले, प्रत्येक आकाराचा आपल्या ठरलेल्या खोलीवर पळणारा. ते ओढत ते सरोवराचा तळ चाचपायचे आणि उंचवटे-खड्डे मनात मांडायचे. मासे पकडायचं साधन त्यांनी मोजपट्टीसारखं वापरलं, हे मला फार आवडलं. पण नुसत्या पातीवर बहुतेक ल्यूर वीस-तीस फुटांपलीकडे जात नाहीत. मिशिगन सरोवराला ते पुरत नाही.

आणि ही सगळी खटपट चालू असतानाच सरोवरातला मासाच संपला.

नायगरा धबधबा ही वरच्या सरोवरांची भिंत होती. जहाजांसाठी तिला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये सुरू झाला आणि त्या वाटेनं सी लॅम्प्रे हा रक्तपिपासू प्राणी वर चढला. ईरी सरोवरात तो १९२१ मध्ये दिसला, मिशिगनमध्ये १९३६ मध्ये. दिसतो बामसारखा, पण जबडा नाही, त्याजागी दातांची गोल वाटी. माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट नाहीसा झाला. शंभर फुटांवर ल्यूर नेण्याची कला ज्यांच्या बोटांत होती त्यांच्यासाठी शंभर फुटांवर काही उरलंच नाही. हजारो रसायनं तपासून दशकाच्या शेवटी लॅम्प्रेच्या पिल्लांना मारणारं एक सापडलं. तोवर सरोवर एलवाइफ नावाच्या लहान समुद्री माशानं भरलं होतं. त्याला खाणारं कोणी राहिलं नव्हतं. १९६७ मध्ये तर एलवाइफ इतके मेले, की शिकागोचे किनारे कुजक्या माशांनी भरून गेले.

हॉवर्ड टॅनर १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले. काहीतरी भव्य करा, असं वरिष्ठांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ओरेगनहून कोहो सामनची अंडी आणवली आणि १९६६ च्या वसंतात पिल्लं प्लॅट नदीत आणि मॅनिस्टी नदीला मिळणाऱ्या बेअर क्रीकमध्ये सोडली. पॅसिफिकचा मासा, गोड्या पाण्याचं सरोवर, खायला अमाप एलवाइफ! १९६७ च्या शरदात हे मासे मोठे होऊन नदीच्या तोंडाशी परतले तेव्हा लोक वेडे झाले. शरदात कोहो किनाऱ्याजवळ आणि वर वर असतो, त्यामुळे खोल जाणारं काही लागत नव्हतं. छोटी अॅल्युमिनियमची होडी पुरे, डोंगी पुरे. शेकडो होड्या प्लॅट बेमध्ये उतरल्या. २३ सप्टेंबर १९६७ ला वादळ आलं, लाटा उठल्या आणि सात जण बुडाले.

यंत्राचा इतिहास सांगताना हा दिवस लोक बहुधा वगळतात. मला तो त्यातलाच वाटतो. वरचा मासा कुणालाही मिळतो, म्हणून त्या दिवशी कुणीही सरोवरात उतरलं होतं. बाकीच्या महिन्यांत तोच मासा कित्येक मैल आत आणि खोल असायचा. त्याच्यामागे जायला मोठी बोट हवी आणि डाउनरिगर हवा. कोहोच्या या लाटेनंतर, १९७० च्या दशकात, तो मिशिगनच्या बोटींवर सर्रास दिसू लागला.

त्याची युक्ती अशी. चरकावर पोलादी तार आणि तिच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. मासेमारीचा बारीक दोर गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. चरकावरचा आकडा फूट सांगतो. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मग माणूस आणि मासा यांच्यामध्ये वजन राहत नाही. वजन आणि दोर वेगळे केले, एवढीच त्यातली अक्कल. आधीच्या वजनाच्या उपायांत माशाबरोबर ते वजनही ओढावं लागायचं. आकडाही अगदी खरा नसतो म्हणा, कारण गोळा पाण्यात मागे रेटला जातो आणि तार तिरकी होते. वेग वाढवलात तर आकडा तोच राहतो, गोळा मात्र वर आलेला असतो.

पुढे सरोवर पुन्हा बदललं, तेही जहाजांमुळेच. दूरच्या समुद्रांतून आलेल्या जहाजांनी पोटातलं पाणी इथे ओतलं आणि त्यातून झेब्रा आणि क्वागा शिंपले आले. मिशिगन सरोवरात क्वागा १९९७ मध्ये सापडले. ते पाणी गाळतात, इतकं की आता हे सरोवर आरशासारखं स्वच्छ दिसतं. पर्यटकांना त्याचं कौतुक आहे. पण गाळलं जातं ते माशांच्या पिल्लांचं अन्न, आणि उजेड खोलवर पोचल्यानं मासाही खाली सरकतो. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले आणि त्यांच्यामागोमाग सामनही. गंमत म्हणजे त्यानंतर तिथे लेक ट्राउटची पिल्लं नैसर्गिकरीत्या वाढू लागली. एलवाइफ खाल्ल्यानं मादीच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व घटायचं आणि पिल्लं मरायची. ते खाणंच थांबलं.

आणि या स्वच्छ पाण्यात मासा बोटीला आणि त्या शिशाच्या गोळ्याला बुजतो असं बोटवाल्यांचं म्हणणं आहे. ल्यूर खोल हवा, पण बोटीपासून लांबही हवा. म्हणून दुकानांत तांब्याची तार परत आली आहे. मोठ्या रिळावर गुंडाळलेली, तीनशे फूट आणि त्याहून लांब. गुंता होतो, पिळवटते, तुटते. शेजारच्या आजोबांनी तिची किंमत विचारली आणि काही न बोलता गराजचं दार लावून घेतलं.