सर्व्हलेट मॅपिंग

सर्व्हलेट मॅपिंग म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या यूआरएलची (वेब-पत्त्याची) सर्व्हरवरील नेमक्या सर्व्हलेटशी सांगड घालण्याची व्यवस्था होय. सर्व्हलेट हा जावा भाषेत लिहिलेला, सर्व्हरवर चालणारा आणि मागणीनुसार उत्तर तयार करणारा घटक असतो. कोणती मागणी कोणत्या सर्व्हलेटकडे सोपवायची, हे टॉमकॅट किंवा जेटी यांसारखा सर्व्हलेट कंटेनर मॅपिंगच्या आधारे ठरवतो. मॅपिंग चुकल्यास सर्व्हलेट निर्दोष असूनही वापरकर्त्याला ‘४०४’ (पान सापडले नाही) हा संदेश मिळतो किंवा भलत्याच सर्व्हलेटचे उत्तर समोर येते.

इतिहास

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने सर्व्हलेटचे पहिले विनिर्देश १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. १९९९ मधील २.२ या आवृत्तीत वेब.एक्सएमएल ही फाइल आली व मॅपिंग तिच्यात नोंदवले जाऊ लागले. डिसेंबर २००९ मधील ३.० आवृत्तीपासून अ‍ॅनोटेशनच्या रूपाने ते जावा प्रोग्रॅममध्येच लिहिण्याची सोय झाली. पुढे हे तंत्रज्ञान एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले व ‘जकार्ता सर्व्हलेट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जुळणीचे मूळ नियम मात्र कायम राहिले.

पत्त्याचे भाग

उदाहरणादाखल, बीड जिल्ह्याची माहिती देणाऱ्या एका काल्पनिक वेब अ‍ॅप्लिकेशनमधील ‘/बीड/तालुका/गेवराई’ हा मार्ग घेता येईल. त्यातील ‘/बीड’ हा अ‍ॅप्लिकेशनचा मार्ग (कॉन्टेक्स्ट पाथ), ‘/तालुका’ हा सर्व्हलेटचा मार्ग (सर्व्हलेट पाथ) आणि ‘/गेवराई’ ही उर्वरित माहिती (पाथ इन्फो) होय. ‘/तालुका/*’ असे एकच मॅपिंग केल्यास जिल्ह्यातील अकराही तालुक्यांच्या मागण्या एकाच सर्व्हलेटकडे जातात. मॅपिंगमध्ये अ‍ॅप्लिकेशनचा मार्ग लिहायचा नसतो. तो लिहिणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

जुळणीचा क्रम

कंटेनर पुढील क्रमाने जुळणी शोधतो आणि पहिली जुळणी मिळताच थांबतो :

१. तंतोतंत जुळणी : ‘/तालुका/परळी’ असे स्वतंत्र मॅपिंग असल्यास त्या पत्त्यापुरते तेच लागू होते.
२. सर्वांत लांब पूर्वमार्ग : ‘/तालुका/*’ व ‘/तालुका/केज/*’ ही दोन्ही असतील, तर ‘/तालुका/केज/गावे’ ही मागणी दुसऱ्याकडे जाते. फाइलमध्ये कोणते आधी लिहिले आहे, याला महत्त्व नसते.
३. विस्तार : ‘*.जेएसपी’ यासारखे, फाइलच्या नावाच्या शेवटावर आधारलेले मॅपिंग.
४. मूलभूत सर्व्हलेट : केवळ ‘/’ असे मॅपिंग, कोठेच न जुळलेल्या मागण्या याच्या वाट्याला येतात.

‘/’ आणि ‘/*’ यांत गल्लत केल्यास परिणाम गंभीर होतात. ‘/*’ हा पूर्वमार्ग ठरत असल्याने तो विस्ताराच्या आधी जुळतो आणि चित्रे व जेएसपी पानांसह बहुतेक सर्व मागण्या स्वतःकडे ओढून घेतो. पूर्वमार्ग व विस्तार यांचे मिश्रण करता येत नाही. ३.० आवृत्तीपासून एकच नमुना दोन सर्व्हलेटांना दिल्यास अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही. फिल्टर या घटकासाठीही असेच नमुने लिहितात. मात्र एका मागणीला सर्व्हलेट एकच मिळते, तर जुळणारे सर्व फिल्टर क्रमाने चालतात.

देवनागरी पत्ते

पत्ता सर्व्हरकडे पाठवताना ब्राउझर देवनागरी अक्षरांचे टक्केचिन्हांकित रूपांतर करतो. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट आणि प्रत्येक बाइटास तीन वर्ण लागतात. ‘बीड’ या शब्दात ब, ईकाराची मात्रा व ड अशी तीन चिन्हे असल्याने त्याचे २७ वर्ण होतात. टॉमकॅटच्या ७ व त्यापूर्वीच्या आवृत्त्या मूळ मांडणीत हे वर्ण आयएसओ-८८५९-१ पद्धतीने उलगडत. त्यामुळे अक्षरे विस्कटत आणि मराठी मार्ग जुळत नसत. त्यासाठी सर्व्हर.एक्सएमएल फाइलमध्ये यूटीएफ-८ ही पद्धत स्वतंत्रपणे नोंदवावी लागे. आठव्या आवृत्तीपासून तीच मूळ मांडणी झाली.

शुद्धलेखनाचा प्रश्न मात्र तंत्राने सुटत नाही. ‘अंबाजोगाई’ व ‘अंबेजोगाई’ ही एकाच गावाची प्रचलित रूपे असली, तरी कंटेनरच्या दृष्टीने ते दोन वेगळे पत्ते ठरतात. तंतोतंत मॅपिंग असेल, तर एकाच सर्व्हलेटला दोन्ही नमुने द्यावे लागतात, २.५ आवृत्तीपासून एका सर्व्हलेट-मॅपिंग नोंदीत अनेक यूआरएल-पॅटर्न लिहिता येतात. ‘/तालुका/*’ असे मॅपिंग असेल, तर दोन्ही मागण्या सर्व्हलेटपर्यंत पोहोचतात आणि ही रूपे एकच आहेत हे ओळखण्याची जबाबदारी सर्व्हलेटवर येते.