पेटन प्लेस : एका गावाचे रहस्य आणि एका मालिकेची झाकली मूठ

१९४७ साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील गिलमंटन या लहानशा गावात एका शेतावरच्या मेंढवाड्याखाली पुरलेले प्रेत सापडले. मृत मनुष्य त्या घरचा कर्ता होता आणि त्याला मारणारी त्याची सख्खी मुलगी होती. वर्षानुवर्षे बापाने आपल्यावर अत्याचार केले, असे तिचे सांगणे होते.

१५ सप्टेंबर १९६४ रोजी एबीसी या अमेरिकन वाहिनीवर ‘पेटन प्लेस’ नावाची मालिका सुरू झाली. काल्पनिक गाव, सुंदर चौक, चर्चचा मनोरा, गिरणीमालकाचा वाडा, फसलेली प्रेमे, लपवलेली अपत्ये. या मालिकेचे मूळ शोधत मागे गेले की आपण त्याच मेंढवाड्यापाशी पोहोचतो. मालिकेत मात्र मेंढवाडाही नाही आणि ती मुलगीही नाही. मधल्या सतरा वर्षांत ती कोठे गाळली गेली, त्याचा हा धागा.

या दोन टोकांना जोडणारी व्यक्ती म्हणजे ग्रेस मेटेलियस. जन्म १९२४, मँचेस्टर या गिरणगावात, फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या कुटुंबात. अठराव्या वर्षी लग्न, तीन मुले, कायमची ओढाताण. पती गिलमंटनच्या शाळेत मुख्याध्यापक झाला, तेव्हा हे कुटुंब तिथे राहावयास आले. मेंढवाड्याची हकिकत तिच्या कानावर आली ती तिथेच. १९५६ च्या सप्टेंबरात तिची ‘पेटन प्लेस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

कादंबरीत गावाच्या कडेला झोपडीवजा घरांत राहणारी सेलेना क्रॉस आहे. लुकास तिच्यावर अत्याचार करतो, तिला दिवस जातात. गावचा वृद्ध डॉक्टर मॅथ्यू स्वेन कायदा मोडून तिचा गर्भपात करतो आणि लुकासला गावाबाहेर हाकलतो. लुकास परत येतो, तेव्हा ती त्याला ठार करते आणि मेंढवाड्यात पुरते. पुढे खटला उभा राहतो, डॉक्टर भर न्यायालयात सारे सांगतो आणि ती सुटते. दुसरीकडे कॉन्स्टन्स मॅकेन्झी आपली मुलगी अ‍ॅलिसन ही विवाहबाह्य संबंधातून झालेली आहे, हे जिवापाड लपवीत असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्या गावाचा अलिखित कायदा. मेटेलियसने ती मूठ उघडली.

पुस्तक पहिल्या दहा दिवसांत ६० हजार खपले आणि न्यू यॉर्क टाइम्सच्या यादीत ५९ आठवडे राहिले. काही ग्रंथालयांनी ते घेण्यास नकार दिला, कॅनडाने त्याची आयात रोखली आणि लोकांनी ते उशीखाली ठेवून वाचले. याच सुमारास तिच्या पतीची मुख्याध्यापकाची नोकरी गेली. वृत्तपत्रांनी त्या बातमीचा आणि पुस्तकाचा संबंध जोडला व खप आणखी वाढला. कादंबरीतल्या मुख्याध्यापकाला मेटेलियसने जे नाव दिले होते, त्याच नावाचा एक हाडामांसाचा शिक्षक पुढे आला आणि त्याने दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. नंतरच्या आवृत्त्यांत त्या पात्राचे नाव मायकेल रॉसी झाले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे याच रॉसीचा व्यवसायही बदलणार आहे.

आता गाळणीचा पहिला टप्पा. वर ‘लुकास’ असे नुसते नाव लिहिले आहे, ते मुद्दाम. तो सेलेनाचा सावत्र बाप आहे. हस्तलिखितात तो सख्खा बाप होता. सख्ख्या बापाचे हे कृत्य वाचकांना सोसवणार नाही, असे प्रकाशिका किटी मेसनरचे मत पडले आणि नाते बदलले गेले. मेटेलियसला हा बदल शेवटपर्यंत खुपत राहिला. तिचे म्हणणे चूक नव्हते. ‘सावत्र’ हा शब्द आला की वाचक सुटकेचा श्वास सोडतो. परका माणूस घरात शिरला आणि त्याने घात केला, असे म्हणण्याची सोय होते. गिलमंटनमध्ये परका कोणी नव्हता.

दुसरा टप्पा चित्रपटाचा, १९५७. लाना टर्नर कॉन्स्टन्सच्या भूमिकेत आणि ऑस्करची नऊ नामांकने. पुरस्कार एकही नाही. हॉलिवूडची तत्कालीन आचारसंहिता गर्भपात दाखवू देत नसे. म्हणून पडद्यावरची सेलेना लुकासपासून पळताना पडते आणि तिचा गर्भ आपोआप पडतो. डॉक्टरवरचा बेकायदा कृत्याचा भार उतरला. चित्रीकरण न्यू हॅम्पशायरमध्ये न होता शेजारच्या मेन राज्यातील कॅम्डेन येथे झाले.

तिसरा टप्पा दूरचित्रवाणीचा. तो समजण्यासाठी थोडे मागे जाऊन ‘सोप ऑपेरा’ या प्रकाराची घडण पाहिली पाहिजे, कारण या गाळणीची जाळी त्या घडणीतच विणलेली आहे.

१९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर आयर्ना फिलिप्स या लेखिकेने ‘पेन्टेड ड्रीम्स’ नावाची दैनंदिन श्राव्यमालिका सुरू केली. दुपारी घरी असणारा स्त्रीवर्ग हा श्रोता. साबण व घरगुती वस्तू बनविणाऱ्या कंपन्या अशा मालिकांच्या प्रायोजक झाल्या आणि त्यावरूनच या प्रकाराला ‘साबणाचा संगीतनाट्यप्रयोग’ असे टिंगलीचे नाव पडले. फिलिप्सने या प्रकाराचे व्याकरण सिद्ध केले. कथानक संथ, घर हेच रणांगण, संवाद हीच कृती आणि प्रसंग ऐन टोकाला आणून उद्यावर टाकायचा. २ एप्रिल १९५६ रोजी तिची ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर आली. आधी अशा मालिका पंधरा मिनिटांच्या असत. ही अर्ध्या तासाची. स्थळ ओकडेल, म्हणजे पुन्हा एक काल्पनिक लहान गाव. मेटेलियसची कादंबरी त्याच वर्षी आली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

लहान गावच का? कारण व्यवहाराचे आहे. मालिकेला शेवट नसतो, पात्रे मात्र मोजकी असतात. शहरात प्रियकराने सोडले तर तो गर्दीत नाहीसा होतो. गावात तो उद्या वाण्याच्या दुकानात भेटतो, परवा त्याच्या बापाचे तुमच्या आईशी काय चालले आहे हे कळते आणि महिन्याभराने तो तुमचा मेहुणा होतो. नवे रहस्य जन्माला घालायचे तर ते त्याच चार घरांपैकी एकात घालावे लागते. म्हणून या मालिकांतली प्रेमप्रकरणे नेहमी नात्यांच्या जाळ्यात अडकतात. तो लेखकांच्या विकृतीचा भाग नाही, गणिताचा आहे.

फिलिप्सच्या व्याकरणात एक नियम कळीचा होता: पाप करता येईल, पण ते अखेर कुटुंबात परत आणता आले पाहिजे. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये एलेन लॉवेल ही अविवाहित मुलगी माता होते आणि बाळ दत्तक देते. पुढे काही वर्षांनी, ज्या डॉक्टरच्या घरी ते बाळ वाढले त्याच्याशीच तिचे लग्न होते. आई मुलाकडे परतली, पण सावत्र आई म्हणून घरात येऊन. लोकापवादाचे सारे कर्ज व्याजासह फिटले.

एबीसी ही तेव्हा तीन मोठ्या वाहिन्यांतली सर्वांत दुबळी. ब्रिटनमध्ये १९६० पासून ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका रात्रीच्या वेळी तुफान चालत होती. दुपारचा हा प्रकार अमेरिकेतही रात्री का आणू नये, या विचारातून ‘पेटन प्लेस’ उभी राहिली. निर्माता पॉल मोनाश आणि सल्लागार दस्तुरखुद्द आयर्ना फिलिप्स. आठवड्यातून दोनदा, पुढे काही काळ तीनदा, अर्धा-अर्धा तास. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखविण्याची प्रथाही मोडली.

आता मालिकेतले गाव पाहा. गिरणीचा व्यवस्थापक लेस्ली हॅरिंग्टन आपल्या सचिव ज्युली अँडरसनच्या मिठीत असताना त्याचा मुलगा रॉडनी त्याला पाहतो. ज्युलीची मुलगी बेट्टी ही रॉडनीची प्रेयसी. रॉडनी तिच्यापासून दुरावतो आणि अ‍ॅलिसन मॅकेन्झीकडे ओढला जातो. इतक्यात बेट्टीला दिवस गेल्याचे कळते. कर्तव्य म्हणून रॉडनी तिच्याशी लग्न करतो. मोटार अपघातात बेट्टीचा गर्भ गेलेला असतो आणि ही गोष्ट ती लग्नापूर्वी त्याला सांगत नाही. इकडे अ‍ॅलिसनच्या आईचे जुने रहस्य उकलू लागते. अ‍ॅलिसनचा खरा पिता एलियट कार्सन हा पत्नीच्या खुनाबद्दल अठरा वर्षे तुरुंगात काढून आलेला मनुष्य निघतो. तो खून केलेला असतो लेस्लीची पत्नी कॅथरीन हिने. म्हणजे अ‍ॅलिसनच्या बापाचे आयुष्य उद्ध्वस्त करणारी स्त्री ही अ‍ॅलिसनच्या प्रियकराची आई.

रचना म्हणून हे फार कौशल्याचे काम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बेट्टीच्या खोटेपणाला तर मालिका फार समजुतीने हाताळते. गिरणीमालकाच्या घरात शिरण्यासाठी कारकुनी घरातल्या मुलीजवळ दुसरे काय होते, हा प्रश्न बार्बरा पार्किन्सच्या अभिनयातून सतत डोकावतो. मूळ योजनेपेक्षा बेट्टी मालिकेत कितीतरी मोठी झाली ती त्यामुळेच.

परंतु कादंबरी शेजारी ठेवून हे वाचले की गाळणी दिसते. क्रॉस कुटुंब गावातून पुसले गेले आहे. मॅथ्यू स्वेन आता डॉक्टर नाही, तो गावच्या वृत्तपत्राचा संपादक आहे. गर्भपाताचा प्रश्नच उरत नाही. डॉक्टरकीचा अंगरखा मायकेल रॉसीला मिळाला, तोही तरुण आणि देखण्या रॉसीला, म्हणजे तो कॉन्स्टन्सचा एक इच्छुक होऊ शकेल. कादंबरीत अ‍ॅलिसनचा पिता हा न्यू यॉर्कमधला विवाहित पुरुष, केव्हाच मेलेला. मालिकेत तो जिवंत आहे, निरपराध आहे आणि अन्यायाचा बळी आहे.

सर्वांत मोठा फेरफार हाच. १९४७ च्या मूळ हकिकतीत बाप गुन्हेगार होता आणि मुलगी कैदी. १९६४ च्या मालिकेत बाप कैदी आहे, निर्दोष आहे आणि मुलीने त्याला स्वीकारणे हा कथेचा भावनिक कळस आहे. बेट्टीचा बाप जॉर्ज अँडरसन बायकोला मारतो, हे मालिका दाखवते. परंतु तिथेही त्याची गाडी मनाच्या आजाराकडे वळवली जाते. तुटलेले कुटुंब सांधता येते, हे प्रायोजकांनाही हवे होते आणि फिलिप्सच्या व्याकरणालाही. सेलेनाचे घर मात्र सांधण्यासारखे नव्हतेच. त्या घरातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता आणि तो मेंढवाड्यातून जात होता.

मालिकेला प्रचंड यश मिळाले. अ‍ॅलिसनची भूमिका करणारी मिया फॅरो आणि रॉडनी झालेला रायन ओ’नील हे दोघे रातोरात तारे झाले. मग पडद्यामागचे प्रेम पडद्यावर हुकूम गाजवू लागले. फॅरो गायक फ्रँक सिनात्राबरोबर जहाजसफरीला गेली, तेव्हा अ‍ॅलिसनला मोटारीची धडक बसवून बेशुद्ध ठेवणे लेखकांना भाग पडले. १९६६ मध्ये फॅरोने सिनात्राशी लग्न केले आणि मालिका सोडली. अ‍ॅलिसन एका रात्री गावातून नाहीशी झाली. पुढे रेचल वेल्स नावाची भेदरलेली मुलगी गावात येते आणि तिच्याजवळ अ‍ॅलिसनचे कंकण सापडते. नायिका गेली तरी तिच्या हातातल्या दागिन्यावर मालिका चालली.

१९६८ मध्ये डॉक्टर माइल्सचे कृष्णवर्णीय कुटुंब गावात राहावयास आले. रूबी डी त्यात होती. बाहेर अमेरिका पेटलेली असताना पांढऱ्या कुंपणांच्या या गावाला त्याची दखल घ्यावी लागली. पण प्रेक्षक पांगू लागले होते. २ जून १९६९ रोजी ५१४ वा आणि अखेरचा भाग दाखविला गेला. डॉक्टर रॉसी खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे आणि निकाल काय लागला, हे मालिकेने सांगितलेच नाही.

सेलेना क्रॉसला दूरचित्रवाणीवर जागा मिळाली ती १९७२ साली सुरू झालेल्या ‘रिटर्न टू पेटन प्लेस’ या दुपारच्या मालिकेत. ती दोन वर्षांतच बंद पडली.

मेटेलियसने यातले काहीच पाहिले नाही. पैसा आला तसा गेला, मद्य वाढले आणि २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, मालिका सुरू होण्याच्या जेमतेम सात महिने आधी, यकृताच्या विकाराने वयाच्या ३९ व्या वर्षी ती वारली. तिचे दफन गिलमंटनमध्येच झाले.