भंडारदरा
अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पाण्याकाठी सुट्टी घालवण्याची हौस येथे प्रवरा नदीवरील जलाशयावर भागते. हा जलाशय अडवणारे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्यात धरणातून सोडलेले पाणी खालच्या गोलसर खडकावर आपटून छत्रीसारखे पसरते. गिर्यारोहकांचे मुख्य आकर्षण म्हणजे राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.). बारी गावातून चढणाऱ्या वाटेवरील अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर चुकवू नये. साम्रदची अरुंद, खोल सांदण दरी मात्र पावसाळ्यात टाळावी. मेअखेरीस झाडे काजव्यांनी लखलखतात. तेव्हा गाडीचे दिवे व विजेरी बंद ठेवावी.