एका हरवलेल्या मूकपटाची कथा

जुन्या वस्तूंचा छंद बाळगणाऱ्या माणसाकडे घरचीं मंडळी बहुधा हंसूनच पाहतात. गंजके डबे, फाटकीं तिकिटें, पिंवळीं छायाचित्रें जपून काय साधतें, हा त्यांचा प्रश्न असतो. ‘अपस्ट्रीम’ या अमेरिकन मूकपटाचा इतिहास हें त्याचें एक उत्तर आहे.

जॉन फोर्ड यानें फॉक्स कंपनीसाठीं काढलेला हा चित्रपट १९२७ सालीं प्रदर्शित झाला. रंगभूमीवरील कलावंतांच्या एका सामाईक बिऱ्हाडांत त्याचें कथानक घडतें. थोर नटघराण्यांतील एक सुमार नट केवळ कुळाच्या नांवावर लंडनमध्यें हॅम्लेटच्या भूमिकेसाठीं निवडला जातो. बिऱ्हाडांतला एक वृद्ध नट त्याला ती भूमिका शिकवितो; यश येतांच शिष्य गर्वानें फुगतो. तो परततो त्याच दिवशीं त्याच्यावर एके काळीं प्रेम करणारी तरुणी, सुरे फेकण्याचे खेळ करणाऱ्या आपल्या सोबत्याशीं विवाहबद्ध होते. आणि हा सोहळा आपल्याच स्वागताचा, अशी या नटवर्याची समजूत! हंसवितां हंसवितां चटका लावणारी ही गोष्ट आहे.

१९३७ सालीं न्यू जर्सीमधील लिट्ल फेरी येथें फॉक्सच्या गोदामाला आग लागून कंपनीचे बहुतेक मूकपट भस्मसात झाले. ‘अपस्ट्रीम’ही कायमचा गेला, असेंच अभ्यासक समजत होते. परंतु २००९ सालीं तो न्यूझीलंडच्या चित्रपट-संग्रहालयांत सांपडला. अमेरिकन चित्रपटांच्या प्रती देशोदेशीं फिरून अखेरीस त्या दूरच्या बेटांवर पोंचत. परत धाडण्याचा खर्च परवडत नसे. म्हणून खेळ संपले कीं त्या नष्ट करीत. तेथील एका प्रोजेक्शनिस्टानें मात्र असे डबे आपल्यापाशीं ठेवून घेतले आणि पुढें त्याच्या कुटुंबीयांनीं ते संग्रहालयाच्या स्वाधीन केले. नायट्रेटची ती फीत चटकन् पेट घेणारी व काळानें कुजणारी. वेलिंग्टन येथें तिच्यावरून नवी प्रत तयार झाली आणि २०१० च्या सप्टेंबरांत बेव्हर्ली हिल्स येथें प्रेक्षकांनीं ती पाहिली.

अमेरिकेंतील सुमारे ११ हजार दीर्घ मूकपटांपैकीं शेंकडा १४च मूळ स्वरूपांत शिल्लक आहेत. म्हणूनच संग्राहकांना अशा चित्रपटांची ओढ असते. गाजलेल्या कृतीला रक्षणकर्ते पुष्कळ मिळतात. किरकोळ म्हणून गणलेल्या कृतीला एखादाच भेटतो, आणि तोही नियम मोडणारा! कथेंतल्या वृद्ध गुरूप्रमाणें तो पडद्यामागेंच राहतो. पण त्याच्यावांचून खेळ उभा राहत नाहीं.